हैतीत काय काय कोसळलं

हैतीचे राष्ट्राध्यक्ष रने प्रेवाल यांना १२ जानेवारी २०१० च्या रात्री डोकं टेकायला छप्पर नव्हतं. संध्याकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला ७.० तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. जमीन हलली ती अर्ध्या मिनिटाहून थोडी जास्त. तेवढ्यात त्यांचा पांढराशुभ्र अध्यक्षीय प्रासाद घुमटासकट खाली बसला, राहतं घरही पडलं. आज झोपायचं कुठं ते मला ठाऊक नाही, असं त्यांनी पत्रकारांना सरळ सांगून टाकलं. संसद गेली, न्यायालय गेलं, करवसुलीचं मुख्यालय गेलं, बहुतेक सगळी मंत्रालयं गेली. कॅथेड्रल कोसळलं, आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालय एका जुन्या हॉटेलात होतं. ते पडलं आणि मोहिमेचे प्रमुख हेदी अनाबी त्यात दगावले. या भूकंपात संयुक्त राष्ट्रांचे एकूण १०२ कर्मचारी मारले गेले. मुख्य तुरुंगातून चार हजारांवर कैदी निसटले. जे मंत्री हाताशी होते त्यांना घेऊन प्रेवाल विमानतळाजवळच्या एका पोलीस मुख्यालयात बसले आणि पुढचे कित्येक आठवडे देशाचा कारभार तिथून चालला.

भूकंप झाला की सरकार लोकांच्या मदतीला धावतं, असं आपण गृहीत धरतो. इथं सरकारच ढिगाऱ्याखाली होतं. गरीब देशातल्या भूकंपाचा खरा फटका कुठं बसतो, हे समजून घ्यायला पडलेल्या घरांपेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगी आहे. तिचे परिणाम घरांच्या हिशेबात धरले जात नाहीत, आणि ते घरांपेक्षा जास्त काळ टिकतात.

मृतांच्या आकड्याचंच बघा. पहिल्या वर्षश्राद्धाला सरकारनं तो ३ लाख १६ हजार सांगितला. नंतरच्या काही स्वतंत्र अभ्यासांनी तो एक ते दीड लाखाच्या आसपास आणला. इतकी तफावत पडते, कारण मोजलंच कुणी नव्हतं. रस्त्याकडेला रचलेले मृतदेह डंपरमध्ये भरून शहराच्या उत्तरेला तितांयेनच्या माळावर नेले गेले आणि चर खणून पुरले गेले. नाव नाही, फोटो नाही. प्रेतांमुळे साथ पसरेल, ही भीती या घाईमागं होती. ती बहुतांशी निराधार असते. अपघातानं मेलेल्या निरोगी माणसाच्या शरीरातून साथीचे रोग उद्भवत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. पण मृत्यूचा दाखलाच नसेल तर जमिनीवर वारसाचं नाव कसं चढवायचं? घर पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा हा प्रश्न हजारो कुटुंबांपुढं आला.

आता जमिनीखालचं. हिस्पॅनिओला नावाच्या बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा म्हणजे हैती, उरलेला डोमिनिकन रिपब्लिक. या बेटाखाली कॅरिबियन आणि उत्तर अमेरिकी भूपट्ट एकमेकांना घासत वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर सरकतात. हे सरकणं मुख्यतः दोन भ्रंशांवर वाटलं गेलंय. एक बेटाच्या उत्तर अंगाला, दुसरा दक्षिण अंगाला राजधानीला अगदी खेटून. या दक्षिणेकडच्या भ्रंशाला एन्रिकियो-प्लँटेन गार्डन म्हणतात. १७५१ आणि १७७० साली पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपांनी जमीनदोस्त झालं होतं. त्यानंतर तिथं अडीचशे वर्षं मोठं काही घडलं नाही, म्हणजे ताण साठत राहिला. फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ एरिक काले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपग्रहांच्या मोजमापांवरून बजावलं होतं, की या भ्रंशावर ७.२ तीव्रतेचा भूकंप होईल एवढा ताण जमला आहे. हैतीतले अभियंते क्लोद प्रेपतित हेही तेच ओरडून सांगत होते. प्रत्यक्षात २०१० मध्ये जमीन सरकली ती मुख्यतः त्या भ्रंशाला लागून असलेल्या, नकाशावर कुणी न आखलेल्या एका भ्रंशावर. लेओगान या गावाखालचा म्हणून त्याला आता त्या गावाचं नाव आहे. याचा अर्थ मुख्य भ्रंशावरचा ताण बराचसा तसाच शिल्लक आहे. आणि हे सगळं कळलं ते बाहेरच्या यंत्रांमुळं, कारण भूकंपमापकांचं स्वतःचं असं जाळं त्या दिवशी हैतीत नव्हतंच.

१७७० नंतर फ्रेंच राजवटीनं दगडी बांधकामाला मनाई करून लाकडी घरं बांधायला लावली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजधानीतल्या श्रीमंतांनी बांधलेली नक्षीदार लाकडी घरं २०१० च्या भूकंपात बऱ्यापैकी तगली, ती लाकूड लवचीक असतं म्हणून. मग बाकीचं शहर काँक्रीटचं का झालं? हैतीवर दरसाल वादळं येतात. वादळात पत्रा उडतो, लाकडी घर मोडतं, काँक्रीटचा स्लॅब मात्र जागचा हलत नाही. डोंगरांवरची झाडंही संपत आली होती. दरवर्षी येणाऱ्या शत्रूसाठी लोकांनी घर बांधलं आणि अडीचशे वर्षांत न आलेल्याला विसरले. याला मूर्खपणा म्हणवत नाही. पैसे मोजकेच असतील तर कोणीही हेच करील.

घोटाळा होता तो काँक्रीटच्या दर्जात. सिमेंट महाग, म्हणून ब्लॉकमध्ये ते जेमतेम. वाळू डोंगर पोखरून काढलेली, चुनखडीची, भुसभुशीत. सळया कमी, त्याही बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत, काँक्रीटला नीट न धरणाऱ्या. खांब बारीक आणि त्यांच्यावर जाड स्लॅब, कारण पुढं कधी पैसे आले तर वर आणखी एक मजला चढवायचा. काड्या उभ्या करून त्यांवर पाटा ठेवावा तशी ही रचना. वरून भार पडला तर ती पेलते, आडवा झटका बसला की खांबांचे सांधे सुटतात आणि एकेक स्लॅब खालच्या स्लॅबवर थेट येऊन पडतो. मधे माणूस मावेल एवढी पोकळीही उरत नाही. आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या भिंतींवरची माळवदं खाली आली, तेव्हाही जीव घेतला तो छपराच्या वजनानंच. त्या वेळी लोक झोपेत होते. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये संध्याकाळचे पाच वाजत आलेले, म्हणजे कचेऱ्या आणि महाविद्यालयं भरलेली. परिचारिकांचं शासकीय महाविद्यालयही विद्यार्थिनींसकट पडलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात जास्त गरज त्यांचीच लागणार होती.

एकूण १ लाख ५ हजार घरं पूर्ण पडली, २ लाख ८ हजार घरांचं नुकसान झालं, १,३०० च्या वर शाळा-महाविद्यालयं आणि ५० च्या वर दवाखाने निकामी झाले. सरकार आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून नुकसानीचा अंदाज काढला तो सुमारे ७८० कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून अधिक. दीड महिन्यानं, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. मोकळ्या झालेल्या ऊर्जेच्या हिशेबात तो हैतीपेक्षा सुमारे ५०० पट मोठा होता. तिथं माणसं गेली पाचशेच्या वर. चिलीचा भूकंप शहरापासून लांब, समुद्राखाली झाला आणि हैतीचा शहराच्या उंबऱ्यात, हे खरं. तरी एवढ्यानं हा फरक भरून निघत नाही. चिलीत बांधकामाचे कडक नियम होते, ते तपासणारी माणसं होती आणि इमारत पडली तर मालकाला कोर्टात खेचता येत होतं.

हैतीत हे का नव्हतं? इथं थोडं मागं जावं लागतं. १८०४ साली गुलामांनी बंड करून फ्रेंचांना हाकललं आणि जगातलं पहिलं काळं प्रजासत्ताक उभं केलं. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल यानं युद्धनौका पाठवल्या आणि मान्यता हवी असेल तर आमच्या बुडालेल्या मालमत्तेचे, म्हणजे त्यात गुलामही आलेच, १५ कोटी फ्रँक भरा, असं बजावलं. पुढं ही रक्कम ९ कोटींवर आली. ती फेडायला हैतीनं फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढलं आणि त्या व्यवहाराची शेवटची थकबाकी १९४७ साली फिटली. सव्वाशे वर्षं सरकारी तिजोरीतला पैसा शाळा-रस्त्यांऐवजी पॅरिसला आणि नंतर न्यूयॉर्कला गेला. मधे १९१५ ते १९३४ अमेरिकी लष्कराचा ताबा, त्यात सगळा कारभार राजधानीत गोळा झाला. मग १९५७ पासून १९८६ पर्यंत दुवालिए बापलेकांची हुकूमशाही.

राजधानीत एवढी दाटी का झाली, याचं उत्तर खेड्यांत आहे. १९८० च्या सुमाराला डुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. तो अमेरिकेत पोचू नये म्हणून तिथल्या पैशानं मोहीम निघाली आणि हैतीतली झाडून सगळी गावठी डुकरं मारली गेली. काळं, काटक, उकिरड्यावर जगणारं हे डुक्कर म्हणजे शेतकऱ्याची शिल्लक होती. मुलीचं लग्न, पोराची फी, मर्तिक, काहीही निघालं की एक विकायचं. बदल्यात आणलेल्या परदेशी डुकरांना महागडा खुराक आणि पक्का गोठा लागे. पुढं १९९० च्या दशकात तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणायला लावलं गेलं. अमेरिकेतला अनुदानित तांदूळ स्वस्तात आला आणि आर्तिबोनित खोऱ्यातल्या भातशेतीनं मान टाकली. मार्च २०१० मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तिथल्या सिनेटच्या समितीपुढं कबूल केलं, की या धोरणाचा फायदा आपल्या आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, पण हैतीनं पोट भरण्याची क्षमता गमावली. कबुली प्रामाणिक होती. तोवर ती शेतकऱ्यांची पोरं राजधानीतल्या उतारांवर कच्च्या ब्लॉकची घरं बांधून राहत होती आणि त्यातली कितीतरी त्याच घरांखाली गेली होती.

धक्क्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ज्यांना जिवंत बाहेर काढलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांना शेजाऱ्यांनी काढलं. हातांनी, पहारीनं, मोटारीच्या जॅकनं. परदेशी पथकं श्वान आणि यंत्रं घेऊन आली, पण त्यांनी वाचवलेल्यांची संख्या शे-दोनशेच्या घरात राहिली. त्यांची मेहनत कमी नव्हती, पथकं पोचली उशिरा. बंदरातला धक्का पाण्यात गेला होता, क्रेन आडव्या पडल्या होत्या. विमानतळाचा नियंत्रण मनोरा बंद, धावपट्टी एकच. अमेरिकी हवाई दलानं तिचा ताबा घेतला आणि आधी कोणाचं विमान उतरवायचं यावरून लगेच वाद सुरू झाले. फिरती रुग्णालयं घेऊन आलेली काही विमानं शेजारच्या देशात वळवावी लागली. ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या स्नायूंतून विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि माणूस बाहेर काढल्यावर मूत्रपिंडं निकामी होऊन दगावतो. त्याला वेळेत डायलिसिस मिळालं तर तो वाचतो. ज्या देशात ही यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी, तिथं ते मिळणार कसं? साध्या अस्थिभंगातही शस्त्रक्रियेला दोन-चार दिवस उशीर झाला की जखम सडते. अशा रीतीनं दोन ते चार हजार माणसांचे हात-पाय कापावे लागले, आणि कृत्रिम अवयव करणारे कारागीर तिथं मूठभरसुद्धा नव्हते.

एक उलटा लोंढाही सुरू झाला. ज्या खेड्यांतून माणसं शहरात आली होती, तिकडंच ती परत निघाली. मोबाइलच्या सिमकार्डांच्या हालचालींवरून संशोधकांनी नंतर काढलेला अंदाज असा, की तीन आठवड्यांच्या आत सहा लाखांहून अधिक लोकांनी राजधानी सोडली. गावच्या घरात अचानक पाच-सात तोंडं वाढली. पुढच्या पेरणीसाठी राखलेलं बियाणं शिजवलं गेलं, बकरी विकली गेली. भूकंपाचा एकही तडा न गेलेल्या गावांत भूकंप असा पोचला. मदत मात्र तंबूंच्या छावण्यांकडं जात राहिली, कारण कॅमेरे तिथं होते. म्हणून काही महिन्यांत यातले बरेच जण राजधानीला परतले.

आणि मदत आलीच, थोडीथोडकी नाही. ३१ मार्चला न्यूयॉर्कच्या परिषदेत देशांनी पुढच्या दीड वर्षासाठी ५३० कोटी डॉलरची आश्वासनं दिली. आपत्कालीन मदतीतला हैती सरकारच्या हाती पडलेला वाटा एक टक्क्याच्या आत होता. कारण सगळ्यांच्या तोंडी होतं, सरकार भ्रष्ट आहे आणि दुबळं आहे. दोन्ही खोटं नाही. पण दुबळ्याला वगळून काम करत राहिलं तर तो सशक्त कधी होणार? मदतसंस्थांच्या समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरत, त्याही बऱ्याचशा इंग्रजीत. हैतीतले लोक क्रेओल बोलतात, शिकलेले फ्रेंच बोलतात. स्थानिक संस्थेच्या माणसाला तर आधी फाटकावरचा पहारेकरी पार करावा लागे. पुनर्बांधणीसाठी क्लिंटन आणि पंतप्रधान जाँ-माक्स बेलरीव यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. वर्ष संपायच्या आत आयोगातल्या हैतीच्या सदस्यांनीच लेखी तक्रार केली, की आम्हाला काही कळवलं जात नाही.

परदेशी संस्थांनी सरकारी डॉक्टर, अभियंते, कारकून दुप्पट-तिप्पट पगारावर उचलले. बऱ्या वस्तीतली घरभाडी आभाळाला भिडली. फुकट उपचारांपुढं पैसे घेणारं रुग्णालय टिकेना. ज्यानं भूकंपानंतर दारं सताड उघडली होती, असं राजधानीतलं एक नावाजलेलं खाजगी रुग्णालय काही महिन्यांत बंद पडलं. फुकट वाटलेल्या परदेशी तांदळानं बाजारातल्या बायकांचा धंदा बसवला. मार्चमध्ये वॉशिंग्टनला गेलेल्या प्रेवाल यांनी अन्नधान्याची मदत आता आवरती घ्या, असं यजमानांनाच सांगितलं. भुकेल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष धान्य नको म्हणतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आपलं भात खपलं नाही तर पुढच्या हंगामात ते कोणी लावणार नाही, हे त्या माणसाला कळत होतं. तो शेतीशास्त्र शिकलेला होता.

याच्या तुलनेत एका पैशाची चर्चा फारशी झाली नाही. अमेरिका, कॅनडा, फ्रान्समधले हैतीचे लोक घरी वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक पाठवत. अमेरिकेनं भूकंपानंतर तीनच दिवसांत, कागदपत्रं नसलेल्या हैतीच्या नागरिकांना तात्पुरतं राहायची आणि काम करायची मुभा दिली. या एका सरकारी आदेशानं जेवढा पैसा थेट घराघरांत पोचला असेल, तेवढा कित्येक प्रकल्प मिळूनही पोचला नसेल, असं मला वाटतं. त्याला ना सल्लागार लागले, ना अहवाल.

छावण्यांत एका वेळी १५ लाख माणसं राहत होती. प्रासादासमोरच्या शाँ द मार्स मैदानात, गोल्फच्या हिरवळीवर, रस्त्याच्या दुभाजकावरसुद्धा. ती तिथं वर्षानुवर्षं का अडकली? आधी राडारोडा. सुमारे एक कोटी घनमीटर, आणि डोंगरउतारांवरच्या बोळांत डंपर शिरत नव्हता. पण त्याहून मोठी अडचण कागदाची. जमिनीचा मालक कोण, हे सांगणारी भरवशाची दफ्तरं आधीच विस्कळीत होती. एकाच तुकड्यावर दोन-तीन दावेदार उभे राहत. वाद असलेल्या जागेवर घर बांधायला कोणतीही संस्था धजेना, म्हणून पैसा असूनही घरं उभी राहिली नाहीत. शिवाय छावण्यांतली बहुसंख्य माणसं भाडेकरू होती. ज्यांचं घर कधी नव्हतंच, त्यांना घर परत कसं देणार? शेवटी अनेकांना वर्षाचं भाडं हातावर ठेवून तंबू उठवायला लावले.

ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा आला. हैतीत त्याआधी निदान शंभर वर्षं कॉलराची नोंद नव्हती. साथ सुरू झाली ती छावण्यांत नव्हे, राजधानीपासून दूर मिरबाले गावाजवळ. २००४ पासून देशात असलेल्या शांतिसेनेचा एक तळ तिथं होता आणि नुकतीच नेपाळहून नवी तुकडी आली होती. त्या वर्षी नेपाळमध्ये कॉलरा होता. तळावरचं सांडपाणी ओढ्यात गेलं, ओढ्यातून आर्तिबोनित नदीत. त्या खोऱ्यातली माणसं नदीचंच पाणी पीत, त्यातच धूत, त्यावरच भात पिकवत. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रनो पियारू यांनी गावोगाव फिरून हा मार्ग आखला, पुढं जीवाणूंची जनुकं नेपाळमधल्या नमुन्यांशी जुळली. संयुक्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षं हात झटकले. महासचिव बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. तोवर आठ लाखांच्या आसपास माणसं आजारी पडली आणि जवळपास दहा हजार मेली. अमेरिकेतल्या न्यायालयांत पीडितांचे दावे टिकले नाहीत, कारण संयुक्त राष्ट्रांना कायद्याचं संरक्षण आहे.

या साथीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राजधानीतल्या दाट छावण्यांत मदतसंस्था क्लोरीन घातलेलं पाणी पुरवत होत्या. खेड्यांत तसं पाणी कोणीच देत नव्हतं, भूकंपाआधीही नाही आणि नंतरही नाही. राजधानीलासुद्धा मैला वाहून नेणारी भुयारी गटारं नव्हती.

१४ ऑगस्ट २०२१ ला दक्षिणेकडच्या चिंचोळ्या द्वीपकल्पात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. वस्ती विरळ असल्यानं मृतांची संख्या बावीसशेच्या आसपास राहिली, तरी सव्वा लाखाहून अधिक घरं पडली किंवा मोडकळीस आली. त्याच्या पाच आठवडे आधी राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईज यांचा त्यांच्याच घरात खून झाला होता. राजधानीतून दक्षिणेकडं जाणारा एकमेव मोठा रस्ता मार्तिसाँ भागातल्या टोळ्यांच्या हाती होता आणि मदतीचे ट्रक तिथं अडले. दोनच दिवसांत ग्रेस वादळाचा पाऊस उघड्यावर झोपलेल्या लोकांवर कोसळला.

या वेळी भूकंप नोंदवणारी यंत्रं मात्र देशात होती. २०१० नंतर क्लोद प्रेपतित यांच्या पुढाकारानं खनिज आणि ऊर्जा विभागात भूकंप कक्ष सुरू झाला. पण देखभालीला पैसा आणि माणसं अपुरी, त्यामुळं सरकारी केंद्रं वारंवार बंद पडत. मग काले आणि स्थानिक संशोधकांनी २०१९ पासून दुसरी वाट धरली. हौशी लोक वापरतात त्या छोट्या संगणकावर चालणारे स्वस्त भूकंपमापक त्यांनी हैतीतल्या नागरिकांच्या घरांत बसवले. ऑगस्टच्या त्या सकाळी दक्षिणेतल्या अशा काही घरांनी मुख्य धक्का टिपला आणि पुढचे कितीतरी दिवस उपधक्के टिपत राहिली. जमीन नेमकी कुठं आणि कशी सरकली हे ठरवताना शास्त्रज्ञांनी त्या नोंदी वापरल्या. यंत्रं प्रकल्पाची असली, तरी ती चालतात घरमालकाच्या विजेवर आणि त्याच्याच इंटरनेटवर.